पुढचा ब्रेक, मागची सीट

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी मोटरसायकल थांबवायला शिकलो. चालवायला विसाव्या वर्षीच शिकलो होतो. मधली बत्तीस वर्षं मी रस्त्यावर काय करत होतो, याचा विचार केला की आता घाम फुटतो. पण त्या काळात कुणी विचारलं असतं, तर मी छाती पुढे काढून सांगितलं असतं, की पिंगुळीपासून आरोंद्यापर्यंत आपल्यासारखा गाडी हाणणारा दुसरा नाही. मी हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवतो. आपलं काही चुकत असेल असं शिक्षकाला सहसा वाटत नाही, आणि मला तर मुळीच वाटत नव्हतं.

चूक घरातूनच आली होती. आमच्याकडे पहिली मोटरसायकल आली त्याच दिवशी वडिलांनी ती मेकॅनिककडे नेली आणि पुढच्या ब्रेकची तार ढिली करून आणली. "फुडचो ब्रेक धरलंस काय कोलांटी खातलंस. पायातल्या ब्रेकार भरवसो ठेव," एवढंच त्यांचं शिक्षण. यात वडिलांचं काही वेगळं नव्हतं, सगळ्या वाडीत हीच रीत होती. पुढचा ब्रेक म्हणजे गाडीबरोबर फुकट आलेलं संकट, ते आल्या दिवशीच निकामी करून टाकावं, अशी सगळ्यांची समजूत. मी पुढे तीन गाड्या बदलल्या. दर सर्व्हिसिंगला मेकॅनिक आपणहून सांगायचा, "मास्तर, फुडचो नेहमीसारखो ढिलो ठेवलंय हां," आणि मी खूश होऊन मान डोलवायचो. इकडे वर्गात मात्र मी फळ्यावर गणित मांडून मुलांना पटवत होतो, की वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागतं. शाळा सुटली की फळा पुसायचो आणि त्याच ढिल्या ब्रेकच्या गाडीवर बसून घरी यायचो.

बायकोचं माहेर आरोंद्याला, खाडीच्या काठी. सासरे गेल्यापासून आम्ही दर रविवारी तिकडे जायचो. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. मेव्हणा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. त्याची बायको सासूला मनापासून सांभाळते. पण गेल्या दोनेक वर्षांत सासूबाईंचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी अडकित्ता कुठे ठेवला ते विसरायच्या, मग आज वार कुठला ते, मग समोर कोण बसलंय ते. लेकीला त्या अजून ओळखत, पण ओळख पटायला दर वेळी थोडा जास्त वेळ लागे. डॉक्टर म्हणाले होते, सारखे भेटत राहा, चेहरा डोळ्यांसमोर राहू द्या. बायकोनं ते फार मनावर घेतलं होतं. घरात पाहुणे असोत, ताप असो, तिचा रविवार चुकत नसे. आपण एखादी खेप चुकवली आणि नेमकं त्याच खेपेला आईच्या डोक्यातून आपण पुसले गेलो तर, ही धास्ती तिला कायम असायची. ती बोलून दाखवत नसे, पण शनिवारी संध्याकाळपासूनच तिची तयारी सुरू व्हायची.

आम्ही पडलो तो नोव्हेंबरातला रविवार होता. भातकापणी झाली की आमच्याकडे डांबरी रस्त्यावर पेंढा पसरून ठेवतात. डांबर तापलेलं असतं, एका दिवसात पेंढा कडकडीत सुकतो. आमच्या घरचाही तिथेच सुकतो, त्यामुळे दुसऱ्याला नावं ठेवायची सोय नाही. सावंतवाडी सोडून मळेवाडच्या पुढे गेल्यावर एक डावं वळण होतं, आणि त्या वळणात आमच्याच बाजूला पेंढा घातलेला होता. मी वेगात होतो, त्यामुळे तो मला उशिरा दिसला. सवयीनं उजवा पाय दाणकन खाली गेला. मागचं चाक जाम झालं, पेंढ्यावरून सरकत बाहेर गेलं आणि गाडी डावीकडे आडवी झाली. मला कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बायको नेहमीसारखी दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसली होती. ती खांद्यावर आपटली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. तिचं डोकं गटाराच्या चिऱ्यापासून वीतभर लांब होतं. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं, तिच्या डोक्यावर नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, विचारणाऱ्यांना 'पेंढ्यावरून घसरलो' एवढंच सांगत आलो.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. दीड-दोन महिने हात गळ्यात होता, त्या काळात ती आरोंद्याला जाऊच शकली नाही. जानेवारीत हात मोकळा झाला. पहिल्या रविवारी मी सकाळीच गाडी अंगणात काढून पुसूनबिसून ठेवली. ती पिशवी घेऊन बाहेर आली, गाडीकडे न बघता चपला घातल्या आणि म्हणाली, "तुमी रवा घराकडे. मी एस्टीन जातंय."

एस्टीनं जायचं म्हणजे दोन गाड्या. सावंतवाडी स्टँडवर थांबायचं, मग आरोंद्याची गाडी. माहेरी पोचेपर्यंत बारा वाजत आणि परतीच्या गाडीसाठी अडीचला उठावं लागे. सासूबाईंना लेकीची ओळख पटायला दीड तास लागला तर उरणार किती? मी म्हटलं रिक्षा करूया. ती म्हणाली, "दर आयतवारी रिक्षा? कित्याक?" फेब्रुवारीत एकदा ती संध्याकाळी परत आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आज आवशीन माका 'खयची गो तू?' म्हणान इचारल्यान." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

मला तिची दया यायला हवी होती. आला राग. एकदा पडलो म्हणून आयुष्यभर का गाडीवर बसायचं नाही? बाकीच्या बायका बसत नाहीत का? मी तसं बोललोही, आणि वर आवाज चढवून बोललो. ती म्हणाली, "माका एस्टीची सवय झाली." एवढं बोलून तिनं विषय संपवला. माझी बायको भित्री आहे, असा निकाल मी मनातल्या मनात देऊन टाकला.

आमच्या वाडीत वेंगुर्ल्याकडून एक मासेवाला येतो. माझ्याच वयाचा, अंगानं आडवा, गाडीच्या मागे बर्फाची मोठी पेटी. रोज पहाटे बंदरावर मासे घेतो आणि चढउतारांच्या रस्त्यांनी वाड्या-वाड्या फिरतो. एक दिवस बांगडे मोजून देता देता त्याची नजर माझ्या गाडीवरच्या ओरखड्यांकडे गेली. त्यानं जवळ जाऊन पुढच्या ब्रेकचा दांडा दाबला. तो सरळ मुठीला जाऊन टेकला.

"मास्तर, ह्यो काय शोभेक ठेवलात?"

मी वडिलांचा धडा त्याला ऐकवला. तो एवढा हसला की बायको काय झालं बघायला बाहेर आली. मग ती आत गेल्यावर म्हणाला, "माझ्या मागे चाळीस किलो मासो नि बर्फ आसता. नुसतो पाय मारून थांबाक गेलंय तर पेटी माका सोडून फुडे जातली. खरो थांबवता तो फुडचो. फक्त तो धरूक येवक होयो."

"शिकवशात?" मी विचारलं. हे मी कसं विचारलं ते मलाच कळलं नाही. तीस वर्षांत मी कुणाला हे विचारलं नव्हतं.

आमच्या गावामागे सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. तिथे चिऱ्यांची एक खाण होती, तिच्यासाठी केलेला डांबरी रस्ता अजून शाबूत आहे. खाण बंद पडल्यापासून त्यावर गुरांशिवाय कोणी फिरकत नाही. मासे विकून झाले की मासेवाला दुपारी तिथे यायचा, मी शाळा सुटल्यावर. बायकोला मी सांगितलं, शाळेत जादा तास आहेत. त्याआधी मेकॅनिककडून ब्रेकची तार ताणून घेतली. त्यानं मला दोनदा विचारलं, "नक्की मां, मास्तर?" चाकांतली हवा बघितली, बूट घातले, जाड पँट घातली, हेल्मेट घातलं. मासेवाल्यानं आधी गाडीभोवती फेरी मारली, मग माझ्याभोवती.

"आधी माणूस चलता त्या वेगान," तो म्हणाला. "दांडो एकदम ओढूचो नाय. बांगडो ताजो आसा काय बघताना कसो दाबतास? आधी बोट टेकवतास, मगे दाबतास. तसो. नि हँडल सरळ आसतानाच."

मी ऐकलं, मान हलवली आणि दांडा कचकन ओढला. तोही हँडल वळलेलं असताना, रस्त्याकडेच्या बारीक खडीवर. पायी चालायच्या वेगात गाडी आडवी पडली आणि मी तिच्यासोबत. तो उचलायला धावत आला आणि परत सांगायला लागला, हँडल सरळ, हँडल सरळ. मी भडकलो. मी रागावलो की माझी भाषा बदलते. घरची मालवणी जाते आणि शाळेतली मराठी येते. "मला शिकवू नका!" मी ओरडलो.

तो शांतपणे जाऊन एका चिऱ्यावर बसला. "बरा, नाय शिकवणय. मगे हयसर इलात कित्याक?"

मी गाडी उचलली, धूळ झटकली आणि पुन्हा सुरुवात केली. त्याचं मला आजही कौतुक वाटतं, त्यानं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. माझ्या वर्गात कोणी असं ओरडलं असतं तर मी त्याला वर्षभर विसरलो नसतो.

चार-पाच दिवसांत हात बसला. रस्त्यावर चुन्याची रेघ ओढली. चाळीसच्या वेगानं यायचं, रेघेवर ब्रेक धरायला सुरुवात करायची आणि कुठे थांबलो तिथे दगड ठेवायचा. नुसत्या मागच्या ब्रेकनं थांबलो तेव्हा रेघेपासून दगडापर्यंत सव्वीस पावलं भरली. दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत धरले तेव्हा चौदा. मी तीनदा मोजली. मधली बारा पावलं मी पुन्हा एकदा सावकाश चाललो. मळेवाडच्या वळणावर मला याहून कमी जागा पुरली असती. त्या दिवशी मला पुढे काही करवेना, आम्ही लवकर घरी गेलो.

मग वळणं. खाणीकडे वळताना रस्त्याला दोन चांगली वळणं आहेत. मासेवाल्याचं म्हणणं एकच, वेग कमी करायचं काम वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर उरकायचं. वळणात शिरल्यावर ब्रेकशी खेळायचं नाही, मान वळवून जिथे जायचं तिकडे बघायचं. "गटाराकडे बघलात तर गाडी गटारातच जातली," तो म्हणायचा. ओलं असेल, वाळू असेल, पाला किंवा पेंढा असेल, तर आणखी आधीपासून आणि आणखी हलक्या हातानं. मी नव्या पोरासारखा वळणाला येऊन परत जात होतो, परत येत होतो. सड्यावर गुरं चारायला येणारा एक म्हातारा रोज ते बघायचा. एक दिवस त्यानं मासेवाल्याला विचारलं, "मास्तरांक काय हरवला रे?"

एप्रिलच्या सुरुवातीला मासेवाला म्हणाला, "आज तुमी मागे बसा. वहिनी बसतत तशे." मी हसलो. तो हसला नाही. मी त्याच्या गाडीवर दोन्ही पाय डावीकडे सोडून बसलो आणि एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मागची पेटी त्यानं आधीच काढून ठेवली होती.

गाडी निघाली, आणि पहिल्यांदा लक्षात आलं की मला रस्ता दिसतच नाही. दिसत होतं ते गटार, काजूची खोडं, दगडांचे गडगे, सगळं बाजूला पळणारं. वळण कधी येतंय ते डोळ्यांना कळत नव्हतं, एकदम कमरेलाच कळायचं. त्यानं ब्रेक धरला, जोरात नाही, अगदी बेतानं. तरी मी त्याच्या पाठीवर आदळलो आणि शर्टाचं बटण माझ्या हातात आलं. पाय टेकायला एक फळी, धरायला एक खांदा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि ती सगळी वर्षं ती माझ्या मागे अशी बसली होती. दुसऱ्या वळणाआधी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हळू हो!"

त्यानं लगेच वेग कमी केला. गाडी थांबवून म्हणाला, "मागसून आवाज इलो काय हळू करूचा. मागे बसता तेका रस्तो दिसणा नाय, पण गाडी कशी चलता ता अंगाक कळता." मी उतरलो, त्याचं तुटलेलं बटण त्याला परत दिलं आणि रस्त्याकडेला उकिडवा बसलो.

घरी आलो तेव्हा बायको मागच्या पडवीत कोकमांसाठी रातांबे फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. जादा तास नव्हते, मासेवाला, सडा, सव्वीस पावलं आणि चौदा पावलं.

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "शाळेत खय तांबडी माती आसा?"

मी म्हटलं, तुला भित्री समजलो, ती माझी चूक. आज मागे बसलो तेव्हा तुझी भीती मला कळली. ब्रेक धरायला येत नव्हता, आता येतो. एवढं बोलायला मला किती कष्ट पडले ते माझं मला ठाऊक. मला वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील. तिनं हातातला रातांबा फोडला, बी वेगळी काढली.

"माका ब्रेकाची भीती कधीच नाय होती," ती म्हणाली. "पडाच्या आधी मी तुमका दोनदा 'हळू' म्हटलंय. तुमी काय म्हटलात आठवता?"

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं.

"'मला शिकवू नकोस.' शाळेतल्या भाषेत." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "हाड मोडला, जुळला. त्याचा काय नाय. पण मागे बसान तोंड बंद ठेवूचा आसात तर माका एस्टी बरी. थय कंडक्टर तरी ऐकता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी इतके दिवस सड्यावर घाम गाळला, पण पेंढा दिसण्याआधी मला सांगितलं गेलं होतं आणि मी ते झटकून टाकलं होतं. तिचे गेलेले रविवार, आईनं 'तू कुठली' म्हणून विचारणं, सगळं त्या एका वाक्यामुळे झालं होतं, आणि ते वाक्य माझ्या लक्षातही नव्हतं. कारण मी ते रोजच कुणाला ना कुणाला म्हणत असणार. मी तिथून उठलो, विहिरीवर गेलो आणि तोंड धुतलं. दोन दिवस मला तिच्याशी बोलायचा धीर झाला नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "तू हळू म्हटलंस काय मी हळू करतलंय. कित्याक म्हणान इचारूचंय नाय."

तिनं लगेच हो म्हटलं नाही. आधी सड्यावर बसून बघीन म्हणाली. पंजाबी ड्रेस घातला, तिच्यासाठी आणलेलं हेल्मेट घातलं आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच. "इतकी वर्षा ह्या कोणी सांगूक नाय," असं पुटपुटली, आणि मला पुन्हा लाज वाटली. मागे माणूस असताना गाडी थांबायला किती जास्त जागा घेते, ते मी तिला घेऊनच शिकलो. ती दर फेरीला म्हणायची, "आता बरा." किंवा म्हणायची, "ह्या नाय बरा," आणि मग ती फेरी पुन्हा. चार शनिवार असे गेले. मासेवाला तिला माझ्यापेक्षा चांगली शिष्य म्हणायचा.

मेमधल्या एका रविवारी आम्ही आरोंद्याला निघालो. सावंतवाडी गेली, मळेवाड गेलं, ते डावं वळण आलं. रस्ता कोरडा आणि मोकळा होता, पेंढा नाही, पाला नाही. मी वेग आधीच उतरवला होता, तिसाच्या आसपास असेन.

"हळू," मागून आवाज आला.

'अगो, हळूच तर आसंय,' हे शब्द माझ्या अगदी दातांपर्यंत आले होते. मी ते गिळले. हँडल सरळ होतं, वळण अजून पुढे होतं. दोन्ही ब्रेक हलके धरले आणि वेग आणखी उतरवला. मागच्या कारवाल्यानं वैतागून हॉर्न वाजवला आणि तो आम्हाला ओलांडून गेला. जाऊ दे म्हटलं. त्या वळणातून आम्ही एखाद्या बैलगाडीसारखे बाहेर पडलो.

साडेदहाला पोचलो. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी दोघांकडे बघितलं आणि पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं, "कशान इलात?"

"गाडयेन," बायको म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मेव्हण्याच्या बायकोनं चहा आणला, तो झाला. अकरा वाजले, बारा वाजले. कुणालाच कुठली एस्टी गाठायची नव्हती. बायको आईचे केस विंचरत होती. बाराच्या पुढे कधीतरी सासूबाईंनी मान मागे वळवली, लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि जुन्या आवाजात म्हणाल्या, "बाय, तू कवा इलंस गो? कशान इलंस?"

"गाडयेन गो आये. ह्येंच्या मागे बसान."

सासूबाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग लेकीच्या कानाशी जाऊन, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "बरे हाणतत मां?"

बायकोनं फणी खाली ठेवली. "आता ऐकतत," ती म्हणाली.